पाणी वाटणारा पेला

मित्रांनो, काचेच्या कपाटात मधल्या फळीवर जो पितळी पेला अर्धाच चकाकतो ना, तो मी. माझ्यापुढच्या पाटीवर विश्वास ठेवू नका. तिच्यावर लिहिलंय, 'सेनाधिकाऱ्याचा मद्याचा पेला'. अधिकाऱ्याने मला कधी बोटही लावलं नाही. त्याचे पेले काचेचे होते आणि तो खंदकापासून दोन कोस लांब बसून लढाई करत असे.

मला घडवलं ते पाणी मोजायला. खंदकात दिवसाला माणशी एक पेला पाणी मिळे. वाटणारा पाणक्या स्वतः सगळ्यांत शेवटी प्यायचा. जो शिपाई दुसऱ्या दिवशी पाण्याला आला नाही, त्याच्या नावाचं पहिलं अक्षर तो खिळ्याने माझ्या अंगावर कोरायचा. अशी एकोणीस अक्षरं होती. त्यांचं दुसरं स्मारक कुठेही नाही.

लढाई संपली आणि मी या संग्रहालयात आलो. इथे येणारी मोठी माणसं काय वर्णावीत! तोफेवर पोरांना बसवून फोटो काढतात. किती माणसं मेली ते विचारतात आणि आकडा लहान निघाला की हिरमुसतात. इथले साहेब तर त्यांच्यावर ताण. त्यांना इतिहास लखलखीत लागतो. दर सोमवारी सकाळी पुसणारे काका मला पावडर लावून घासत. लोक म्हणत, काय निगा ठेवलीय! या निगेत माझी बारा अक्षरं गेली.

एका सोमवारी दार उघडताच दहा वर्षांची एक मुलगी आत आली. मागे तिचा मामा. भाचीच्या इतिहासाच्या वेडापायी दोन दिवस रणांगणं तुडवून त्याच्या पायांचे तुकडे पडले होते. तो बाकावर टेकला. मुलगी मात्र काकांच्या हातातल्या माझ्याकडे बघत राहिली.

"काका, थांबा. यावर कुणीतरी अक्षरं कोरलीत."

काका म्हणाले, "ओरखडे आहेत गं बाळ. साहेबांना चमक लागते."

"मग साहेबांना आरसा द्या."

मामाने बसल्या जागेवरून डोळे वटारले. तिने त्याच्याच मोबाइलची बॅटरी मागून घेतली आणि उजेड माझ्यावर तिरका धरला. सात अक्षरं वर आली. काकांनी एकावरून नख फिरवलं. मग दुसऱ्यावरून.

"आधी पार बुडापर्यंत होती," ते म्हणाले. "मला वाटायचं, डाग जाताहेत."

तेवढ्यात साहेब आले. अर्धा काळपट, अर्धा पिवळा पेला पाहून त्यांनी नाक मुरडलं. पाहुणे यायचेत, आधी हा पुरा घासा, असा हुकूम सोडला. काकांनी फडक्याची घडी करून खिशात घातली.

"साहेब, कामावरून काढायचं तर काढा. ही सात मी पुसणार नाही."

साहेब पुटपुटत निघून गेले. दुसरा पुसणारा शोधायचा, तर स्वतःच्या खोलीतून बाहेर पडावं लागलं असतं. मुलीने वहीत सात अक्षरं उतरवली आणि पुसल्या गेलेल्या अक्षरांसाठी खालचं पान कोरं सोडलं.

मित्रांनो, पाटी अजून तीच आहे. तुम्ही आलात तर ती वाचू नका. कपाटाच्या डाव्या बाजूला जा, थोडं वाका आणि माझ्याकडे तिरकं बघा. आणि तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू घासायला घ्याल, तेव्हा आधी तिच्यावरून नख फिरवा.