सावली हद्दीबाहेर

यंदा मे महिन्यात धुळाप्पा धनगर माळावर उन्हानं गेला.

पण गोष्टीत अजून असं काही झालेलं नाही. धुळाप्पा ठणठणीत आहे. खांद्यावर घोंगडी, गालात तंबाखू, पुढं साठ मेंढरं, आणि तो तेरखेड्याच्या वरच्या माळावर सत्तावीस नंबरच्या पवनचक्कीकडं निघालाय. गावात तिला पंखाच म्हणतात.

त्या माळावर झाड नाही. एक लिंब होता, तो पंख्याची पाती आणायला रस्ता केला तेव्हा गेला. सावली म्हणाल तर पंख्याच्या मनोऱ्याची, तेवढी एकच. लांबलचक पण अरुंद. मेंढरांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती रेशनच्या दुकानापुढं उभी राहिल्यासारखी त्या पट्टीत एकामागं एक उभी राहायची. ऊन सरकलं की अख्खी रांग सरकायची. बाराच्या सुमाराला सावली मनोऱ्याच्या बुडात शिरली की एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून तेवढा वेळ काढायची. खाली वस्तीवर धुळाप्पाची बायको कमलबाई रांग कुठवर आलीय ते बघून भाकरी थापायला बसायची. पंखा वीस वर्षं कुणाला वीज देत होता ते ठाऊक नाही. वस्तीला वेळ सांगत होता.

मग कंपनीचा योगीराज साहेब आला. कोवळा इंजिनिअर, डोक्यावर हेल्मेटचं पिवळं टोपडं.

"आप्पा, हा पंखा आता उतरवायचा. आयुष्य संपलं त्याचं."

"फिरतोय की अजून."

"फिरतोय, पण त्याला वीसच वर्षं दिली होती."

"मला सत्तर झाली. मला कवा उतरवताव?"

"तुम्ही आमच्या मालमत्तेत येत नाही, आप्पा," साहेब म्हणाला. हसला नाही. आधी तपासून आल्यासारखा बोलला.

बुंधा गॅसनं कापून मनोरा पाडला. आवाज केवढा तरी झाला, पण खाली तेरखेड्यात फटाके बनतात, तिथं आवाजाला कुणी मान वर करत नाही. मेंढरं मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली आणि धुळाप्पाकडं बघू लागली. जणू तोच सावली घरी विसरून आला होता.

दिवाळीनंतर त्याच माळावर सोलरच्या प्लेटा बसल्या. ओळीच्या ओळी, आणि प्रत्येक प्लेटीखाली सावली. लिंब होता तेव्हाही माळानं इतकी सावली बघितली नव्हती. भोवती तारेचं कुंपण.

धुळाप्पा फाटकापाशी गेला. "साहेब, आत गवत वाढंल. म्या मेंढरं घालतो, फुकाट. दुपारचं बसू द्या नुसतं."

"गवताला औषध मारतो आम्ही. आणि मेंढरानं केबल चावली म्हंजे?"

"माझी मेंढरं वायर खात न्हाईत, साहेब. तुमच्या डब्यातली चपाती खातील."

"नियमात बसत नाही, आप्पा."

"मेंढरं बसत्यात की. नियमाला कशाला बसवताव?"

नियम उभाच राहिला.

मार्चमध्ये मेंढरांनीच शोध लावला. ऊन कललं की शेवटच्या ओळीची सावली तारेतून हातभर बाहेर सांडायची. पुन्हा रांग लागली, कुंपणाला धरून. धुळाप्पा शेजारी उन्हात उभा, कारण जागा मेंढरांपुरतीच होती.

कमलबाई भाकरी घेऊन आली, बघून तापली. "एखादं मेंढरू उठवा की! अन् तुमी बसा."

"कुणाला उठवू? नाव सांग."

कमलबाईला साठही ठाऊक होती. तिला एकाचंही नाव घेता येईना.

पंधरा दिवसांत दोन माणसं टेप घेऊन आली. कंपनीची जागा अजून आठ हात पुढं होती म्हणे, कुंपणच आत बसलेलं. कुंपण पुढं सरकलं.

"वरून पाहणी झाली, आप्पा," योगीराज जमिनीकडं बघत म्हणाला. "सावली बाहेर जाताना दिसली."

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढं गेला. त्या दुपारी कमलबाईनं वस्तीवरनं वर बघितलं, तर मेंढरांचा नुसता गोळा दिसला, डोकी आत, ढुंगणं बाहेर. ती पाण्याची घागर घेऊन चढली. धुळाप्पानं दोन काठ्यांवर घोंगडी ताणली होती. घोंगडीखाली दोन कोकरं होती, जिवंत. धुळाप्पा घोंगडीच्या बाहेर पालथा, एका हातात तार धरून. तारेपलीकडं आठ हातांवर सावली सुरू होत होती, ती थेट माळ संपेपर्यंत.

योगीराज आला. त्यानं आधी टोपडं काढलं, मग फोन लावला. "नाही सर, दोन्ही पाय बाहेर आहेत. हो, पूर्ण हद्दीबाहेर. हात आहे तारेला... नाही, तोपण बाहेरूनच."

मग तो कमलबाईपुढं उभा राहिला. कमलबाईनं घागर उचलली आणि आधी मेंढरांना पाजलं.

तेराव्यानंतर तिनं पंचायतीतल्या राजेश्वरीला अर्ज लिहायला बसवलं. कुणाला लिहायचा ते ठरेना, म्हणून सगळ्यांनाच लिहिला:

"महोदय, आपल्या कुंपणाच्या आत रोज दुपारी सावली विनावापर पडून असते. वीज काढून घेतल्यावर ती उरते, व संध्याकाळी आपण ती टाकून देता. मेंढरं आता मी एकटी राखते. तरी सदर सावली उन्हाळ्याचे चार महिने, दुपारी बारा ते चार, तारेतून बाहेर सोडण्यात यावी, आणि मेंढरांना पुरून वर एक माणूस बसेल इतकी जादा मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती."