काळजी नसावी

रुग्णालयातल्या तपासणी-अहवालाच्या पडद्यासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पूर्वी तिथे तासन्‌तास नुसतं चक्र फिरायचं. आता नंबर टाकला की चार सेकंदांत उत्तर: 'काळजी नसावी. सर्व सुरळीत आहे.' लोक डोळे पुसत घरी जात.

हा चमत्कार बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाचा. "सर्व्हर हट्टी असतात," चष्मा कपाळावर चढवून तो सांगे. "तीन तास त्यांच्यापाशी बसलो, त्यांचा ताण ओढून घेतला. आता ते रुसणार नाहीत."

पडदा वाचून दाखवायचं काम दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने आपणहून घेतलं होतं. तो पन्नाशीनंतर वाचायला शिकलेला. लिहिलेलं खोटं असू शकतं, ही शंका त्याला कधी शिवलीच नव्हती. तो खणखणीत वाचे आणि वर पदरचं 'जा, आराम करा' जोडून देई. आठ दिवस तो एकच वाक्य वाचत होता, पण अक्षरं लावायच्या नादात तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

नवव्या दिवशी त्याची बायको आली. तिच्या फुप्फुसातल्या गाठीची तपासणी झाली होती.

"काळजी नसावी! चल घरी."

"अहो, पण गाठ कसली, ते कुठे लिहिलंय?"

"तुला वाचता येतं का?"

"नाही. म्हणून तर विचारतेय."

जाता जाता संगणक विभागातल्या बाई थबकल्या. "काका, तुमच्या बिल्ल्यावरचा नंबर टाका बरं."

त्याने टाकला. 'काळजी नसावी. सर्व सुरळीत आहे.'

"चला, बिल्लाही ठणठणीत!" कोणीतरी ओरडलं.

"सर्व्हरला सगळं कळतं," तज्ज्ञ म्हणाला.

बाई आत गेल्या आणि तिन्ही सर्व्हरच्या वायरी हातात घेऊन आल्या. "आता टाका."

'काळजी नसावी.' या खेपेला तर चार सेकंदही लागले नाहीत.

बाई म्हणाल्या, "काका, सर्व्हरच्या पुढे लोड बॅलन्सर असतो, म्हणजे तुमच्यासारखा दारवान. तो प्रश्न आत पाठवतो. चार सेकंदांत उत्तर आलं नाही, तर काय सांगायचं ते त्याला आधीच लिहून देतात. या तज्ज्ञांनी हे लिहून दिलं. आतले तिघं आठ दिवस गुदमरलेत, अहवाल कोणी उघडलेलाच नाही. साहेब जागेवर नसताना तुम्ही 'साहेबांनी काम केलं' म्हणून सांगता का?"

पहारेकऱ्याने मान खाली घातली. तसं त्याने दोनदा सांगितलं होतं.

"मजकूर सकारात्मक असावा, एवढंच माझं..." तज्ज्ञ पुटपुटला, पण ऐकायला कोणी थांबलं नाही. सगळे छापील अहवाल मिळतात त्या खिडकीकडे धावले होते.

बायकोचा कागद तिथेच मिळाला. गाठ वाईट होती, पण लहान. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले. "महिनाभर आराम केला असता, तर अवघड होतं."

आराम करायला सांगणारा शेजारीच उभा होता. आपण आणखी किती जणांना घरी पाठवलं, ते तो बोटांवर मोजायला लागला आणि बोटं संपली. मग नोंदवही मागून, एकेक अक्षर लावत, त्याने प्रत्येकाला फोन केला. "मी तो शहाणा पहारेकरी. मी वाचलं ते पडद्याचं होतं, तुमचं नव्हतं. परत या."

आता पडद्यावर येतं: 'सर्व्हरकडून उत्तर आलेलं नाही. खिडकीवर विचारा.' लोक कुरकुरतात. पहारेकरी म्हणतो, "कुरकुरा खुशाल, पण विचारा. उत्तर गोड लागलं, की ते कुणी तपासून दिलंय, हे आधी विचारा. मला विचारलंत तरी चालेल. मी मात्र आता 'माहीत नाही' म्हणायला शिकलोय."