गाळलेलं कडवं

...आणि एक मित्र. गुलाबी पासवर निळ्या शाईने एवढंच होतं : श्री. किसनराव बोंडे आणि एक मित्र. देवमन इंगळेने पास दिव्याकडे धरून पुन्हा वाचला. ‘बोंडे’वरचा अनुस्वार कसा ठसठशीत होता, ‘मित्र’ मात्र घाईत खरडलेलं. नाव का नसेल लिहिलं? जागा तर होती, चांगली चार बोटं. क्लबाच्या सेक्रेटरीने विचारलंच नसेल... की विचारलं, आणि किसनरावांनीच नाव सांगायचं टाळलं?

“चला इंगळेभाऊ, पुढं बसू. दुसऱ्या लायनीत जागा धरून ठेवली हाये,” किसनराव म्हणाले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत घेऊन गेले.

क्लबाचा बॅडमिंटनचा हॉल होता तो, आज सूर्यभानच्या गाण्यासाठी रिकामा केलेला. जमिनीवरच्या पांढऱ्या रेघा खुर्च्यांखालून गेलेल्या. कापसाचे जिनिंगवाले शेट, सरकारी अधिकारी, त्यांच्या बायका. सूर्यभानची नेहमीची माणसं सात-आठच, मागे भिंतीला चिकटून उभी. एरवी हीच माणसं पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसत. देवमनला वाटलं, आपणही मागेच जावं. पण उठलो तर किसनराव विचारतील, काहून? आणि मग काय सांगायचं...

सूर्यभान अकोल्यात रेडिओ दुरुस्त करायचा. विजेची गिटार त्याने स्वतःच्या हाताने बनवली होती, आणि तिच्यासाठी कुठल्याशा बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचा कर्णा मिळवला होता. ती गिटार किंचाळायची, घोगरायची, मधेच एखाद्या जनावरासारखी हुंकारायची. आणि त्यावर हा माणूस साध्या वऱ्हाडीत स्वतःची गाणी म्हणायचा. त्याची रेकॉर्ड नव्हती, रेडिओवर त्याला कोणी विचारत नव्हतं. तरी अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात तीसेक माणसं त्याच्यापायी वेडी झाली होती. अमरावतीच्या पाटबंधारे कचेरीतला कारकून देवमन त्यांतला एक. चांदूर बाजारचे किसनराव, चाळीस एकर काळ्या जमिनीचे धनी, ते दुसरे. चार वर्षांपूर्वी, त्रेसष्ट साली, कौंडण्यपूरच्या जत्रेत ‘हे काय गाणं म्हनाव’ असं म्हणत लोक उठून गेले आणि मैदानात हे दोघेच उरले. तेव्हापासूनची ही दोस्ती.

दोस्ती? त्या पहिल्याच दिवशी किसनरावांनी विचारलं होतं, “इंगळे म्हंजे कुटचे?” तो म्हणाला, “चांदूर रेल्वेकडचे.” झालं. इंगळे कुणब्यांतही आहेत, आणि छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्यांतही आहेत. या मुलखात आडनावापाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच येतो. किसनरावांनी तो विचारला नाही. चार वर्षांत एकदाही नाही. का? त्यांना ठाऊक होतं म्हणून, की त्यांनी आपल्यापुरतं काही धरून चाललं होतं म्हणून? आणि मी तरी... मी कुठे सांगितलं? एका ताटात जेवलो आम्ही, बडनेऱ्याच्या स्टेशनावर, मूर्तिजापूरच्या खानावळीत. घरी मात्र कधी बोलावलं नाही. बायको, सत्यवती, दोनदा म्हणाली, “तुमचा दोस्त घरी काहून येत नाई?” मी म्हटलं, घर लहान आहे. घर लहान नव्हतं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती — दारातून शिरल्या शिरल्या दिसणारी.

गिटार कडाडली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कानांवर हात ठेवले आणि मग हसून काढले. ही माणसं हसतायत ती कशाला? त्यांना आवडतंय, की गंमत म्हणून एक रेडिओवाला बोलावलाय? सूर्यभानने आज इस्त्रीचा सदरा घातला होता. कोणी दिला? देवमनचं गाण्यात लक्ष लागेना. तो चेहरेच वाचत बसला.

शेवटचं गाणं विहिरीचं. पहिली तीन कडवी गमतीची — विहीर खणताना लागलेला मुरूम, खडक, रुसलेली बायको. चौथ्या कडव्याला सूर्यभान गिटार थांबवायचा आणि नुसत्या गळ्यावर म्हणायचा :

माह्या बापानं खंदली हीर
पानी लागलं बारा हात
प्याले गेला तं वरून वाढलं
त्याच्या ओंजळीत, उभ्या उभ्यात

देवमनचा बाप, भगवंतराव, विहिरीच खणायचा. कौंडण्यपूरला हे कडवं प्रथम ऐकलं तेव्हा देवमनला कोणीतरी आपल्याला भर मैदानात नावाने हाक मारल्यासारखं वाटलं होतं.

तिसरं कडवं संपलं. गिटार थांबायला हवी होती. ती थांबली नाही. साथीच्या ढोलवाल्याने गिरकी घेतली, कर्णा एकदा मोठ्याने घुमला आणि गाणं संपलं. टाळ्या. मागची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. ‘मजेदार आहे हो!’ त्या बाई म्हणाल्या.

कोणी सांगितलं त्याला? सेक्रेटरीने? शेटांनी? देवमन तडक मंचामागे गेला. सूर्यभान वायर गुंडाळत होता.

“सूर्यभानभाऊ, चवथं कडवं?”

“आज नाई म्हटलं,” सूर्यभान वर न बघता म्हणाला. मग वायरीची गाठ मारत : “तुमच्या दोस्ताले विचारा ना.”

बाहेर फाटकापाशी किसनराव टांग्याची वाट पाहत उभे होते. देवमनचा चेहरा दिसताच त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं.

“मीच नोको म्हनलं त्याले,” ते म्हणाले.

“काहून?”

“तुमी बाजूले बसले होते ना. अशे हे लोकं. एखांदा हसला असता, तुमच्या तोंडाकडं पाहून कोनी काई बोललं असतं... मले नसतं सोसलं, भाऊ.”

“म्हंजे तुमाले मालूम होतं?”

“पयल्या सालापासून. माह्या मामाच्या मळ्यातली हीर भगवंतरावांनी खंदली. लायना होतो मी, काठावर बसून पाहो. तुमी एक डाव बापाचं नाव घेतलं, तवाच वळखलं.”

“त्याईले पानी...” देवमनने फाटकाचा गज धरला. “त्याईले पानी कोन वाढे?”

किसनराव रस्त्याकडे बघू लागले. “मामी,” ते म्हणाले. “वरून.”

टांगा आला. किसनराव आधी चढले आणि त्यांनी हात पुढे केला. देवमनला एकाएकी दिसलं, की हा माणूस चार वर्षं ते कडवं आपल्याशेजारी बसून ऐकत आलाय, दर वेळी, मामीच्या आठवणीसकट. मग आज नको म्हटलं ते कोणासाठी? माझ्यासाठी की स्वतःसाठी? विचारावं. ओठांवर आलंच होतं... आणि तेवढ्यात दुसरंच काही आठवलं. थोड्या वेळापूर्वीचंच. हॉलमधलं. गिटार थांबली नाही तो क्षण. राग नंतर आला होता, टाळ्या सुरू झाल्यावर. त्याच्या आधी, एका श्वासापुरतं, हातांची घट्ट आवळलेली बोटं आपोआप सुटली होती. बरं झालं, असं कोणीतरी आत म्हणालं होतं. अगदी स्पष्ट. आणि तो आवाज ना सेक्रेटरीचा होता, ना किसनरावांचा.

“या ना, इंगळेभाऊ,” किसनराव म्हणाले. हात अजून तसाच पुढे होता.

देवमन त्या हाताकडे बघत राहिला. इतका वेळ तो ज्याला त्याला पारखत होता. आता पारखायला एकच जण उरला होता, आणि त्याच्याकडे बघायची त्याला भीती वाटत होती.