ताईची बरोबर उत्तरं

भोंगा आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून नावेच्या कडेला बसली होती. मोकळे सोडले तर ते भलतंच काही करून बसतील, असं तिला वाटत होतं.

नियमच तसा होता. खाडी पोहून पार करणाऱ्याने सोबतच्या नावेला हात लावायचा नाही आणि नावेतल्यांनी पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. नुसतं बोट लागलं तरी पोहणं तिथेच संपलं, मग पलीकडचा किनारा समोर दिसत का असेना.

गेल्या वर्षी बाबांनी हात लावला होता. ताईच्या पोटरीत गोळा आला, ती "आई गं!" म्हणून किंचाळली आणि बाबांनी मागचापुढचा विचार न करता तिचा दंड धरून तिला नावेत ओढलं. गोळा नावेत बसल्या बसल्याच गेला. ताईचा राग मात्र गेला नाही. बाबांच्या टायरच्या दुकानात ती नेहमीसारखी पंक्चर काढायला जायची, पण बोलणं सगळं भोंग्यामार्फत. "यांना सांग, सोल्यूशनची डबी संपलीय." बाबा समोर उभे, हातात ट्यूब. मग बाबा म्हणायचे, "तिला सांग, वरच्या फळीवर आहे." असा कारभार. ज्या जुन्या ट्यूबा पोटाला बांधून बाबांनी दोघींना पोहायला शिकवलं होतं, त्या तिथेच खिळ्याला लटकत होत्या आणि त्यांच्याखाली बापलेक एकमेकांकडे न बघता काम करत होते.

यंदा ताईने जेवताना जाहीर करून टाकलं, "नावेत बाबा नकोत. भोंगा बसेल. मला हात लावायचा अधिकार फक्त तिचा."

"हिचा?" आईचा घास हातातच राहिला. "हिला शाळेतून स्वतःचा डबा परत आणायची आठवण राहत नाही!"

"असू दे. ही घाबरून हात लावणार नाही, एवढं मला पुरे. आणि हिचा आवाज पाण्याखालीसुद्धा ऐकू येतो."

आवाजाचं खरं होतं. नाव काय उगाच पडलं होतं का! ताईने आपल्याला निवडलं या आनंदात भोंगा कितीतरी दिवस जमिनीवर नव्हतीच. वर्गात तिने एवढ्या जणींना सांगितलं की शेवटी बाईंनी तिला बाकावर उभं केलं. बाकावरून तर आणखी जणींना सांगता आलं.

आणि आज सकाळी धक्क्यावर बाबांनी तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून बघितला, मग पुन्हा ओढून बघितला, आणि "बघ हं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून तिने हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

नावेत तिघं होती. इंजिनाशी नाववाले काका. मध्यावर टोपी घातलेल्या निरीक्षक बाई, गळ्यात शिट्टी. नियम मोडला जात नाही ना आणि पोहणारी शुद्धीत आहे ना, हे त्यांनी बघायचं. आणि पुढे भोंगा.

शुद्धीचं कसं बघायचं, तर थोड्या थोड्या वेळाने पोहणाऱ्याला साधे प्रश्न विचारायचे. थकवा आला, अंग गारठलं की माणूस बरळायला लागतो, म्हणून. पण ताईला सरळ उत्तर द्यायची सवयच नव्हती. घरी सराव करताना भोंग्याने विचारलं होतं, "आपल्या मांजराचं नाव काय?" आणि ताई म्हणाली होती, "मुख्याध्यापक." मांजराचं नाव बटाट्या. तेव्हापासून दोघींचा तो खेळच झाला होता. निरीक्षक बाईंना निघताना हे समजावून सांगावं लागलं. बाईंना काही ते फारसं पटलं नाही.

"आज वार कोणता?" निघाल्यावर भोंग्याने विचारलं.

"तलवारीचा!" ताई पाण्यातून ओरडली. काका हसले. बाईसुद्धा गालातल्या गालात.

मध्यावर जेलीफिश लागल्या. गुलाबीसर, ताटाएवढ्या, खाली झालरी लोंबणाऱ्या. भोंगा उभीच राहिली. "डावीकडे ये! आणखी! आता सरळ! अगं सरळ म्हटलं ना, म्हशी!" ताई वळत होती, पुन्हा रेषेवर येत होती. एकीची झालर तिच्या पायापासून वीतभर अंतरावरून गेली आणि भोंग्याने डोळेच मिटले. उघडले तर ताई पुढे.

"मोठ्या दिसतात तरी," काका म्हणाले. "दिसतं त्याचं भय नाही, पोरी."

भोंग्याला हे अजिबात आवडलं नाही.

जेलीफिश मागे पडल्या. भोंग्याने दोरीला बांधलेली पाण्याची बाटली फेकली. ताई उताणी होऊन प्यायली, मग मानेवरून हात फिरवला.

"काय झालं?"

"काही नाही गं. काहीतरी चावलं. डासासारखं."

"समुद्रात डास?"

"तुझ्या मागे मागे आला असेल घरून." आणि ती पुन्हा पोहायला लागली.

पलीकडच्या किनाऱ्यावरचं दीपगृह आता चांगलं मोठं दिसत होतं. त्याच्या पायथ्याच्या पायऱ्या दिसत होत्या, पायऱ्यांवरची माणसं दिसत होती. त्यातलं एक ठिपक्याएवढं माणूस म्हणजे रस्त्याने वळसा घालून पोहोचलेले बाबाच असणार, कारण ते एका जागी उभं राहत नव्हतं. भोंग्याने मांड्यांखालून हात काढले. पोहोचलोच की!

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ताई डोकं वर ठेवून पोहतेय. ताई कधीच डोकं वर ठेवून पोहत नसे. हात पाण्यात जायचे ते जपून, पाणी पोळत असल्यासारखे.

भोंग्याने बाटली फेकली. ताईने घेतली, एक घोट प्यायली आणि म्हणाली, "थँक यू."

दोरी ओढता ओढता भोंगा थांबली. जन्मात ताईने तिला थँक यू म्हटलं नव्हतं. वाढदिवसाला घड्याळ दिलं होतं तेव्हासुद्धा "कुणाचं ढापलंस?" असंच विचारलं होतं.

"ताई, मांजराचं नाव काय?"

"बटाट्या."

"आज वार कोणता?"

"रविवार."

"सात नव्वे किती?"

"त्रेसष्ट." ताईचे ओठ पांढरे पडले होते. "झालं? जाऊ मी?"

निरीक्षक बाईंनी समाधानाने मान हलवली. "छान. अगदी शुद्धीवर आहे. चालू द्या."

"नाही हो बाई!" भोंग्याचा आवाज चिरकला. "ती बरोबर उत्तरं देतेय!"

"बरोबरच द्यायची असतात."

"ती नाही देत! ती कधीच नाही देत! तिच्या अंगात चेष्टा करण्याइतकंसुद्धा बळ उरलेलं नाहीये, तुम्हाला कळत कसं नाही?"

बाई गोंधळल्या. त्यांनी वाकून ताईकडे पाहिलं. "काय गं, काही होतंय का? बाहेर यायचंय?"

"नाही," ताई म्हणाली. "पाठ दुखतेय फक्त. हात लावू नका कुणी." आणि मग भोंग्याकडे बघून, अगदी हळू, "तू लावणार नाहीस ना?"

काकांनी इंजिन मंद केलं. पायऱ्या समोर. इतक्या समोर, की तिथली एक मुलगी हात हलवत होती तेही दिसत होतं. नुसता थकवा असला तर? पाठ काय, कुणाचीही दुखेल इतकं पोहल्यावर. आत्ता हात लावला आणि नावेत बसल्या बसल्या पाठ दुखायची थांबली तर? मग घरात भोंग्याशी कोण बोलणार, आणि कुणामार्फत? "हिला सांग, मीठ दे." सगळं आयुष्य तसंच. भोंग्याने हात पुन्हा मांड्यांखाली सारले.

ताईने चार-सहा हात मारले. मग थांबली. तोंड वर, डोळे आभाळाकडे, आणि श्वास असा की जणू छातीवर कुणी बसलंय. भोंग्याला एकदम तो डास आठवला.

तिने कठड्यावरून अंग बाहेर टाकलं आणि ताईचं मनगट धरलं.

बाईंची शिट्टी वाजली. संपलं.

"का लावलास?" ताईचा आवाज फुटला. "का गं लावलास, दिसत होतं ना सगळं, का..." आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. तिची पाठ धनुष्यासारखी ताणली गेली आणि ती नुसतीच कण्हायला लागली. काकांनी आणि बाईंनी मिळून तिला वर घेतलं तेव्हा ती भरल्या पोत्यासारखी जड होती. मानेवर एक लालसर चट्टा, टिकलीएवढा. बाईंनी औषधांच्या पेटीतून डंखावरची व्हिनेगरची बाटली काढून त्यावर ओतली, ओततच राहिल्या.

"मी मरतेय," ताई शांतपणे म्हणाली. "भोंग्या, मला आतून कळतंय, मी मरतेय."

"गप गं," भोंगा म्हणाली. मनगट तिने अजून सोडलं नव्हतं. "काका, जोरात! जोरात हो!"

नाव उडतच पायऱ्यांना लागली. बाबा गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते.

दवाखान्यात लांब हिरवी पट्टी ओढलेल्या भिंतीशी तिघं बसली. आईच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. दार उघडलं की तिघं उभी राहायची, नर्स दुसऱ्याच कुणाचं नाव घ्यायची, तिघं बसायची. बाबा भोंग्याच्या हाताकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "माझ्या हातून गेल्या वर्षी चूकच झाली होती. तुझ्या हातून नाही झाली."

"पण ती नुसती दमली असती तर?"

बाबांनी तिचा तो हात स्वतःच्या हातात घेऊन ठेवला. रबराचा वास येत होता.

डॉक्टर बाई आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. नखाएवढी जेलीफिश असते म्हणे, काचेसारखी, पाण्यात दिसतच नाही. चावते तेव्हा काही वाटत नाही, खरा त्रास मागाहून सुरू होतो. रक्तदाब फार चढला होता, आता उतरतोय. आज इथेच राहू दे. एकेकाने भेटा, बोलायला फार लावू नका.

आई जाऊन आली, डोळे पुसत. बाबा जाऊन आले. "माझ्याशी बोलली," ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

भोंगा दाराशीच अडली. ताई उशीवर पडली होती, हाताला सुई, छातीवर वायरी. तिने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा छताकडे बघायला लागली.

"पायऱ्या दिसत होत्या," ताई म्हणाली.

"हो."

"तिथली पोरगी हात हलवत होती."

"हो."

उशाशी यंत्र टिकटिकत होतं. सॉरी म्हणावं, असं भोंग्याला वाटलं, पण ते खोटं झालं असतं. विचारायचं एकच होतं, आणि तेच विचारायची तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती. तिने पलंगाची कड घट्ट धरली.

"ताई," आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या बारीक आवाजात ती म्हणाली, "आपल्या मांजराचं नाव काय?"

ताईने छतावरची नजर काढून तिच्याकडे वळवली. यंत्र टिकटिकत राहिलं.

"भोंगा," ती म्हणाली. "आणि त्याला सांग, पुढच्या वर्षी नावेत येताना नखं कापून ये. मनगट बघ माझं."