अर्ध्या इंचाच्या पट्ट्या

भारतातून किंवा अमेरिकेतून बहरीनला परतणाऱ्या माणसाच्या बॅगेत इतरांचं काहीतरी असतंच. असा कायदा नाही, पण कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो.

चंद्रशेखर कर्णिक सुट्टी संपवून पुण्याहून आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत बायको शुभदाच्या रोबॉटसाठी भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या बारा पट्ट्या होत्या. त्या पुरेनात, म्हणून वरच्या मजल्यावरच्या हेमावहिनी न्यूजर्सीला मुलीकडे गेल्या तेव्हा त्यांना निरोप धाडला गेला. निरोप चंद्रशेखरांनी लिहिला. ते बँकेत ऑडिटला आहेत, त्यामुळे मुद्द्याचं तेवढंच लिहितात: ‘ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, भोकांच्या, बारा. वजन सव्वा किलोच्या आत.’

वजन अगदी सव्वा किलोच्या आत बसलं.

पुण्याच्या पट्ट्यांना दर आठ मिलिमीटरवर भोक होतं. अमेरिकेच्या पट्ट्यांना दर अर्ध्या इंचावर, म्हणजे बारा पूर्णांक सात मिलिमीटरवर. एकीवर दुसरी ठेवून पहिल्या भोकात स्क्रू घातला, की पुढची भोकं एकमेकांकडे पाठ फिरवून बसायची.

“पण दोन्ही ॲल्युमिनियमच आहेत ना?” चंद्रशेखर म्हणाले.

“तू आणि मी दोघंही कऱ्हाडचेच आहोत,” शुभदा म्हणाली.

चंद्रशेखरांनी हातातली पट्टी खाली ठेवली.

पट्ट्या परत करायची सोय नव्हती. हेमावहिनींनी त्यांच्यासाठी स्वतःचे बदाम बॅगेतून बाहेर काढले होते, आणि हे त्यांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटोसकट कळवलं होतं. शुभदाच्या रोबॉटचे हात न्यूजर्सीहून आले, हे आता अर्ध्या सनद वस्तीला ठाऊक होतं.

शनिवारी सनदच्या एका हॉलमध्ये हौशी रोबॉटवाल्यांची स्पर्धा होती. दोन किलो खजुराचा डबा जमिनीवरून उचलून गुडघाभर उंच फळीवर ठेवायचा, तीनदा. त्याआधी तपासणी: परीक्षक सांगाडा हातात धरून हलवणार, काही ढिलं निघालं तर नाव बाद. यादीत अकरा नावं होती. दहा इंजिनिअर आणि एक शुभदा कर्णिक. भोसरीच्या कारखान्यात ती सहा वर्षं जिग-फिक्श्चर विभागात होती, म्हणजे भोकं बरोबर जागी पडावीत म्हणून साचे बनवायची. बहरीनला आल्यापासूनच्या अठरा वर्षांत मात्र व्हिसाचा असो की शाळेचा, प्रत्येक फॉर्म तिने कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून भरला होता. हा पहिला फॉर्म तिने स्वतःचा भरला होता. तो तपासणीच्या टेबलावर बाद होऊ द्यायचा तिचा इरादा नव्हता.

सगळ्यांचं मन राखण्याचा प्रयत्न तिने आधी करून पाहिला. अमेरिकेचं पाचवं अंतर साडेत्रेसष्ट मिलिमीटरवर येतं, पुण्याचं आठवं चौसष्टवर. अर्ध्या मिलिमीटरचा तर प्रश्न. तिने कानस घेऊन भोक रुंद केलं, स्क्रू घातला, आवळला. डबा उचलताच हात वाकडा झाला आणि खजूर दिवाणखान्यात पसरला.

बुधवारी सकाळी ती सगळं गाडीत घालून मीना सलमान बंदरावर महमूदभाईंच्या वर्कशॉपमध्ये गेली. महमूदभाई मूळचे दापोलीचे. वीस वर्षं जहाजांची दुरुस्ती करून ते अशा निष्कर्षाला आले होते, की लोखंड माणसापेक्षा सरळ असतं. त्यांनी रोबॉटचा हात धरून हलवला. तो खडखडला.

“भाभी, हे जुळलं नाही. नुसती ओळख झाली.”

“मोठा वॉशर टाकला तर?”

“तर ओळख वाढेल.” त्यांनी अमेरिकेची पट्टी उजेडात धरली. “माल चांगला आहे. कुणी दिला?”

“शेजारणीने. बदाम ठेवून आणलाय.”

“मग फ्रेम करून भिंतीवर लावा. ह्यातून मात्र काढा, खलास.”

शुभदाने तिथेच पाना मागितला आणि अमेरिकेचे सगळे स्क्रू काढले. रोबॉटचे हात बाकावर आडवे झाले. उरला पुण्याच्या पट्ट्यांचा खालचा सांगाडा, चाकं आणि मोटर. हातांसाठी पुण्याच्या पट्ट्या शिल्लक नव्हत्या, आणि शनिवारच्या आत पुण्याहून कुणी येत नव्हतं. हे तिने चार ठिकाणी विचारून पाहिलं होतं.

“तुमच्याकडे तीन मिलिमीटरचा पत्रा असेल?”

“पत्रा आहे. भोकं हाताने मारावी लागतील. एकापुढे एक मोजत गेलात, तर दहाव्या भोकाला दोन मिलिमीटर चुकाल. माझी पोरं रोज चुकतात.”

“मोजायचंच नाही,” शुभदा म्हणाली. तिने पुण्याची एक पट्टी सोडवली, पत्र्यावर ठेवून शिकंज्यात आवळली. “हिच्याच भोकांतून ड्रिल घालायचं. हिचं जुळतं तिथे त्याचंही जुळणार.”

महमूदभाईंनी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “ड्रिल कोण धरणार?”

“मी. शिकंजा तुम्ही बघा.”

त्या दिवशी आणि गुरुवारी मिळून तिने शहाण्णव भोकं पाडली. दोन ड्रिल तुटले. तिसरा महमूदभाईंनी पुढे केला. शुक्रवारी दुपारी हात बसले. त्यांनी ते धरून हलवले, पुन्हा हलवले, आणि जरा नाराज होऊन म्हणाले, “मफी. नाहीच. काहीच हलत नाही.”

अमेरिकेच्या पट्ट्या गाडीच्या डिकीत होत्या. चंद्रशेखरांनी सुचवलं की एखादी शोभेला बाहेरून चिकटवावी, म्हणजे वहिनींना बरं वाटेल.

“शंभर ग्रॅम वाढतील.”

वजनाचा मुद्दा चंद्रशेखरांना लगेच पटला.

शनिवारी मंडळाच्या सहा बायका हॉलमध्ये आल्या. पुढे हेमावहिनी, फोन फोटोच्या तयारीत. शुभदा तपासणीच्या रांगेत उभी होती आणि तिच्या पुढे एकच माणूस होता. हेमावहिनींनी रोबॉटभोवती एक फेरी मारली, मग दुसरी.

“आमच्या कुठल्या गं?”

तपासणी झाल्यावर सांगते, असं म्हणता आलं असतं. शुभदाने रोबॉट टेबलावर ठेवला.

“एकही नाही, वहिनी. तुमच्या पट्ट्यांची भोकं अर्ध्या इंचावर आहेत, माझी आठ मिलिमीटरवर. त्या घातल्या असत्या तर मी आज बाद झाले असते.”

पाच बायकांनी एकदम हॉलचं छत पाहिलं. हेमावहिनींनी फोन खाली केला.

“मी त्यासाठी बदाम ठेवून आले.”

“माहीत आहे. आणि त्या उत्तम आहेत. पण ह्यात बसत नाहीत.”

“पुढे या,” परीक्षक शाजिया हिंदीत म्हणाली. तिने रोबॉट दोन्ही हातांनी उचलला, कानाजवळ नेला आणि पिकलं कलिंगड पारखावं तसा हलवला. मग हात धरून पिळले. आवाज आला नाही. तिने कागदावर खूण केली आणि डब्याकडे बोट दाखवलं.

शुभदाने रिमोट हातात घेतला. मागे कुणीतरी हेमावहिनींना म्हणालं, “चला, बसून घेऊ.”

“थांब,” हेमावहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून दुखावलेलाच होता. “उचलतंय का बघू दे. नाही उचललं तर मग बोलते.”

डबा जमिनीवरून वर उठला.