महाराजांना पान दिसते

सिलतऱ्याच्या पुढे एका बंद गोदामात रोज सकाळी तीन-चारशे शेतकरी जमू लागले होते. दारात नाव-गाव लिहून द्यायचं, बाकी बोलायचं काही नाही. धवलानंद महाराज डोळे मिटत आणि समोरच्यानं तोंड उघडण्याआधीच त्याच्या शेतातला रोग सांगत. मग चिमूटभर भस्म आणि एक अट: अकरा दिवस फवारणी बंद. औषधानं म्हणे भस्म रुसतं.

गुढ़ियारीतले आमचे शेजारी प्रल्हादराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि सुखानं पेन्शन खायची सोडून त्यांनी दोन एकर टमाटे लावले. पानांवर तपकिरी ठिपके पडल्यावर तेही गोदामात गेले. महाराज म्हणाले, "प्रल्हाद, तेरे टमाटर के नीचे के पत्ते जल रहे हैं. छह दिन से. नाले की तरफ से."

प्रल्हादराव हात जोडून घरी आले. कुमुदवहिनींनी विचारलं, फवारा कधी मारता?

"मारत नाही. महाराजांनी न सांगता ओळखलं. अजून काय पायजे तुले?"

"मले टमाटे पायजे," वहिनी म्हणाल्या.

दोन दिवस वाट पाहून त्यांनी गंधालीला बोलावलं. गंधाली कृषी विस्तार अधिकारी, मूळची यवतमाळची. तिच्याकडे बावीस गावं आणि एक स्कूटी. म्हणून तिनं शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. पानाचा फोटो टाकायचा आणि टाइप करण्याऐवजी बोलून सांगायचं: नाव, गाव, पीक, किती दिवस, शेताची कोणती बाजू. प्रल्हादरावांनी ते केलं होतं. 'करपा आहे, लगेच फवारा, नाहीतर आठवड्यात बाग जाईल,' असं तिचं उत्तरही आलं होतं. पण ते महाराजांच्या आधी.

"काका, हे सगळं तुम्ही ग्रुपवर बोलले होते ना?"

"तुले बोललो होतो. महाराजांना काहून सांगू?"

गंधालीनं वाद घातला नाही. ग्रुपवर अजून एक निरोप टाका म्हणाली: वांग्यात अळी आहे, चार दिवसांपासून, विहिरीच्या बाजूनं. प्रल्हादराव कचरले, गुरूशी खोटं कसं बोलायचं?

"त्यायले सगळं दिसते," वहिनी म्हणाल्या, "मग खोटंही दिसनच."

दुसऱ्या सकाळी गंधालीही प्रल्हादरावांसोबत गोदामात गेली. महाराजांनी डोळे मिटले. "प्रल्हाद, अब भटे में इल्ली लगी है. चार दिन से. कुएँ की तरफ से."

"महाराज, मैंने भटा लगाया ही नहीं. कुआँ भी नहीं है."

महाराजांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "बेटा, वह पिछले जनम का खेत दिख रहा है."

"पिछले जनम का मैसेज मैंने कल शाम को भेजा था."

गंधालीनं तो निरोप महाराजांच्याच माइकसमोर फोन धरून वाजवला. मग ग्रुपमधल्या 'जय किसान' नावाच्या, कधीच काही न विचारणाऱ्या सदस्याला फोन लावला. दारात नावं लिहून घेणाऱ्या यशदीपचा खिसा वाजला.

ग्रुपची लिंक खताच्या दुकानांच्या भिंतींवर चिकटवलेली. कोणीही आत यावं. चारशे बारा सदस्य, आणि प्रत्येकाची समजूत की आपण एकट्या ताईशी बोलतो. दुसऱ्याचा निरोप कोणी ऐकतच नसे. सगळ्यांचं सगळं मन लावून ऐकणारा एकच माणूस होता, यशदीप. ऐकलेलं तो चिठ्ठीवर लिहून महाराजांच्या मांडीशी सरकवायचा.

प्रल्हादरावांनी दुपारीच फवारा मारला. नाल्याकडच्या चार ओळी गेल्या, बाकी बाग वाचली. ज्यांनी अकरा दिवस पुरे केले, त्यांच्या शेतात आता वाळलेल्या काड्या आहेत.

कोणी तुमच्या मनातलं सांगितलं, तर पाया पडण्याआधी एवढंच आठवून पाहा, हे आपण कोणाकोणाला सांगितलं होतं? आणि आठवेपर्यंत औषध थांबवू नका.