मे आला नाही

वर्तमानपत्रं संपली तेव्हा ऑड्रीने खिडक्यांचे जाळीदार पडदे काढून आणले. पडदे संपल्यावर चादरी आणल्या. चादरीही संपल्या तरी घेवड्याच्या दोन ओळी उघड्याच राहिल्या.

ती कमरेवर हात ठेवून मळ्याच्या मधोमध उभी राहिली. दिवसभर हवेने नुसता पोरखेळ मांडला होता. सकाळी ऊन, दुपारी गारा, तीनच्या सुमाराला पुन्हा असं ऊन की तिने स्वेटर काढून कुंपणावर टाकला. आता आठ वाजत आले होते. आभाळ पुसून काढल्यासारखं स्वच्छ झालं होतं आणि वारा पडला होता. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वारा पडला की क्लिफर्ड जेवण अर्धं टाकून मळ्याकडे धावायचा. रेडिओवरच्या बाईने तर स्पष्टच सांगितलं होतं, डोंगरउतारावर पारा शून्याखाली तीन.

बटाट्याची तिला काळजी नव्हती. कोंब जेमतेम वर आले होते. तिने फावड्याने दोन्ही बाजूंची माती ओढून ते पार झाकून टाकले होते. कांदा, वाटाणा थंडी सोसतो. पण घेवड्याला गारठ्याचा वाराही सोसत नाही, आणि हा घेवडा साधा नव्हता. लाल फुलांचा हा वाण क्लिफर्डच्या वडिलांनी खाणीतलं काम सुटल्यावर भाड्याने घेतलेल्या ह्याच तुकड्यात लावला होता. तेव्हापासून दर वर्षी बी धरायचं आणि पुढच्या वर्षी पेरायचं. तंबाखूच्या डब्यात बेचाळीस बिया होत्या. ऑड्रीने बेचाळीसही पेरल्या होत्या. मागे काही ठेवायचं असतं हे तिला कोण सांगणार? लग्नाला एकावन्न वर्षं झाली, पण मळा त्याचा आणि स्वयंपाकघर तिचं, अशी वाटणी पहिल्याच वर्षी झाली होती.

ती गल्ली ओलांडून घरी गेली. दाराजवळ सुटकेस भरून ठेवली होती. सहा शर्ट, चार लोकरी बनियन, दोन स्वेटर, पायजमे. यादीत नव्हता तरी त्याचा राखाडी सूटही तिने वरून ठेवला होता. उद्या दुपारी दोन वाजता मूरएंड वृद्धाश्रमाची गाडी क्लिफर्डला न्यायला इस्पितळात येणार होती आणि त्याआधी ही सुटकेस तिथे पोचायला हवी होती. सुटकेसकडे बघत ती क्षणभर थांबली. मग ती उचलून तशीच मळ्यात घेऊन आली.

तिने शर्ट बांबूंच्या बुडाशी, रोपांभोवती गुंडाळले. बाह्यांवर दगड ठेवले, कॉलरींना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. शेवटच्या चार रोपांना काहीच उरलं नाही, तेव्हा सुटाचा कोट घातला. सूट त्याने मुलीच्या लग्नात घेतला होता. मुलगी आता समुद्रापलीकडे असते आणि फोनवर म्हणते, आई, तू एकटी किती करणार.

किती करणार, हा प्रश्न तर अकरा आठवडे तिच्यासमोर होताच. फेब्रुवारीत क्लिफर्डला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे एक-दोन शब्द यायचे, तेही भलतेच. चहा हवा असला की ‘शिडी’ म्हणायचा. डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं होतं. अंग लुळं असलं तरी चालेल, मदतीला रोज बाई येईल, ते घरी जाऊ शकतात. पण समज शाबूत हवी. समजच गेली असेल तर तुम्हाला एकटीला झेपायचं नाही, मग मूरएंडसारख्या ठिकाणी कायमचं ठेवावं लागेल.

ऑड्रीचा जीव टांगणीला लागला होता, पण तिची आशा सुटली नव्हती. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी तिने त्याच्या खाटेशी बसून सहज विचारलं होतं.

“घेवडा वीतभर झालाय. दिवसा बाहेर ठेवते, संध्याकाळी आत घेते. कधी लावू रे मळ्यात?”

तो बराच वेळ झगडला. कपाळावर घाम आला.

“मे,” तो म्हणाला. “मे... बाहेर.”

तिला एवढा आनंद झाला की तिने नर्सला हाक मारून सांगितलं. बघा, कळतंय त्यांना सगळं! दुसऱ्या दिवशी एक मे. सकाळी सहालाच तिने बेचाळीस रोपं मळ्यात लावून टाकली.

आणि दोन तारखेला ती परीक्षा झाली. डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारलं, “मिस्टर बूथ, हा कोणता महिना?” क्लिफर्डने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. गाड्या ठेवायच्या जागेला काटेरी झुडपांचं कुंपण होतं, त्याकडे तो पाहतच राहिला.

“मे नाही,” तो म्हणाला.

“पुन्हा सांगता? महिना कोणता?”

“मे नाही. अजून नाही.”

“अरे, काल मे लागला ना!” ऑड्री न राहवून म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने खाटेच्या कठड्यावर मूठ आपटली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्याच दुपारी ऑड्रीने मूरएंडच्या कागदावर सही केली. एप्रिलमध्ये मे म्हणणारा आणि मेमध्ये मे नाही म्हणणारा माणूस. त्याची समज शाबूत आहे असं ती कोणत्या तोंडाने सांगणार होती?

त्यामुळे आता उरला होता तो घेवडा. माणूस राखता आला नाही, निदान त्याचा वाण तरी राखू, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने शेवटच्या बाहीवर दगड ठेवला. अंधारू लागलं होतं आणि बोटं बधिर झाली होती.

सकाळी सहा वाजता ती परत आली. गवत पायाखाली करकरत होतं. पिंपातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. शर्ट ताठ झाले होते, उचलले तर पत्र्यासारखे अख्खे वर आले. तिने पहिल्या शर्टाखाली पाहिलं. रोपं काळपट हिरवी, उकडलेल्या पालेभाजीसारखी मऊ पडली होती. दुसऱ्या शर्टाखाली तेच. वर्तमानपत्रांखाली, पडद्यांखालीही तेच. ती मातीत बसली आणि रडू लागली. तोंडावर हातही घेतला नाही.

“ऑड्री? क्लिफच्या कपड्यांचं दुकान मांडलंस की काय?”

वाटेवर ओल्डरॉइड उभा होता. मळेकरी मंडळाचा चिटणीस. अंगात वॅक्स लावलेला कोट, काखेत वही. थंडीने कुणाचं काय गेलं ते बघायला निघाला होता. गवत वाढलं की नोटीस लावणारा, शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर वाफा गेला तर टेप काढून मोजणारा माणूस. त्याच्याकडे तुकडा मिळावा म्हणून थांबलेल्या एकोणीस जणांची यादी होती, आणि भाडेकरू कायमचा आश्रमात गेला की तुकडा यादीतल्या पहिल्याला द्यायचा, हा नियम त्यानेच लिहिलेला होता. म्हणूनच ऑड्रीने सहीचं कुणालाही सांगितलं नव्हतं.

ती धडपडत उठली. ओल्डरॉइडने वाकून एक शर्ट उचलला होता. तो झटकायला म्हणून त्याने उलटा केला आणि कॉलर डोळ्यांजवळ नेली. तिथे तिनेच बसून शिवलेली पट्टी होती. सी. बूथ, मूरएंड, खोली नऊ. तीन संध्याकाळी तिने ह्या पट्ट्या शिवल्या होत्या, बनियनांनासुद्धा.

“हं,” तो म्हणाला.

“ओल्डरॉइड, हात जोडते तुला. ह्या हंगामापुरतं तरी राहू दे. मी करीन सगळं. काल बटाट्याला भर दिलीय बघ, तिकडे वाटाण्याला काटक्या लावल्यात...”

“काटक्या उलट्या लावल्यास,” तो म्हणाला. मग शर्टाची घडी घालत विचारलं, “जायचं कधी आहे त्याला?”

“आज. दोन वाजता.”

त्याने घडी तिच्या हातात दिली आणि काळ्या पडलेल्या ओळींकडे मान वळवली. त्याचा चेहरा एकदम कसनुसा झाला. त्याला स्वतःचं रोप मेल्यासारखं वाईट वाटलं असावं.

“पण एवढी घाई कसली होती गं तुला? क्लिफच्या बापाचा घेवडा हा! आत्ता कुणी लावतं का बाहेर?”

“त्यानेच सांगितलं मला. मी विचारलं, कधी लावू. तर म्हणाला, मे, बाहेर.”

“मग?”

“मग काय? एक तारखेला लावला.”

ओल्डरॉइडने वही काखेतून काढून तिच्या मागच्या कुंपणाकडे बोट दाखवलं.

“अगं बाई, हा मे! हा बाहेर आलाय का?”

तिने वळून पाहिलं. काटेरी कुंपणाला पालवी फुटली होती. पानांच्या मधे हिरवट कळ्यांचे घोस होते, मोहरीएवढे, गच्च मिटलेले. दर वर्षी ह्या कुंपणावर दूध सांडल्यासारखी पांढरी फुलं येतात आणि सगळं गाव त्यांना मेच म्हणतं. तिच्या आईने म्हटलं, आजीने म्हटलं. ऑड्रीनेही शाळेत जाताना त्या काट्यांत फ्रॉक फाडून घेतला होता. मे बाहेर आला की थंडी गेली, मग घेवडा लाव, एवढं साधं तो सांगत होता. आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती.

“गारठा लांबला की हा उशिरा फुलतो,” ओल्डरॉइड म्हणत होता. “औंदा दहा-बारा तारीख उजाडेल. क्लिफला विचारलं असतंस तर...”

“विचारलं,” ऑड्री म्हणाली. “डॉक्टरांनी विचारलं त्याला. त्याने खिडकीतून पाहिलं आणि सांगितलं. मे नाही. अजून नाही.”

खिडकी, गाड्या, त्यापलीकडचं कुंपण. मूठ आपटणारा डावा हात. सहीचा कागद. तिने हातातला घडी केलेला शर्ट छातीशी इतका घट्ट धरला की त्यातलं बर्फ वितळून पाणी तिच्या स्वेटरवर उतरलं.

ओल्डरॉइडला सगळं कळलं की नाही कोण जाणे. तो शेवटच्या ओळीकडे गेला आणि त्याने सुटाचा कोट उचलला. “तीन आहेत इथे,” तो म्हणाला. “तीन जिवंत आहेत. चौथं गेलं.” मग वही न उघडताच त्याने ती पुन्हा काखेत मारली.

ऑड्री कुंपणापाशी पोचली होती. तिने काट्यांत हात घालून कळ्यांची एक फांदी मोडली. तळव्यातून रक्त आलं.

“ए, ते आत-बित नेऊ नकोस हं!” ओल्डरॉइड ओरडला. “मे घरात नेला की अपशकुन होतो. आजाऱ्याकडे तर मुळीच नाही!”

“फुललाय कुठे अजून?” ती म्हणाली आणि बसच्या दिशेने चालू लागली.

इस्पितळात क्लिफर्डला नर्सने अंघोळ घालून, भांग पाडून, चाकाच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. ऑड्री भर वॉर्डातून चिखलाचे बूट वाजवत आली. शेजारच्या खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंना ती म्हणाली, “इकडे या. आत्ताच्या आत्ता या.” असं ती आयुष्यात कुणाही डॉक्टरशी बोलली नव्हती. मग तिने ती फांदी क्लिफर्डच्या डाव्या हातात दिली.

“मे?” तिने विचारलं.

त्याने कळ्यांवरून अंगठा फिरवला. एक कळी नखाने दाबून पाहिली.

“मे नाही,” तो म्हणाला. आणि फार मोठं ओझं ओढत आणल्यासारखा पुढे म्हणाला, “आठ... आठ दिस.”

डॉक्टरीणबाई फांदीकडे पाहू लागल्या. त्या दुसऱ्या मुलखातून शिकायला आलेल्या, त्यांना काही उलगडा होईना. पण त्यांच्यामागची म्हातारी सफाईवाली झाडू टेकून थांबली आणि “खरंय की,” म्हणाली.

ऑड्री खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. सांगणं भाग होतं.

“क्लिफ, घेवडा मी लावला. एक तारखेला. काल रात्री गेला. तुझे शर्ट घातले त्यावर, कोट घातला, तरी गेला. तीन राहिलेत.”

त्याचा डावा हात फांदीसकट वर आला आणि बोटांच्या पेरांनी त्याने तिच्या कपाळावर टकटक केलं.

“येडी,” तो म्हणाला. एक अक्षर अडखळलं नाही. फेब्रुवारीपासून इतका स्पष्ट शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. “येडी. तीन... पुरे. बी... धर.”

आपण हसतोय की रडतोय हे ऑड्रीला कळेना. तिने त्याच्या मांडीवर डोकं टेकलं. डॉक्टरीणबाईंनी हातातली फाईल मागे उलटून दोन तारखेचं पान काढलं आणि उभ्या उभ्याच वाचू लागल्या.

दाराशी निळ्या गणवेशातला माणूस आला. तो वेळेच्या बराच आधी आला होता.

“मिस्टर बूथ ना? मूरएंडची गाडी लागलीय. सामान कुठंय यांचं?”

“मळ्यात,” ऑड्रीने डोकं न उचलता सांगितलं.